तुझ्या हातची पेज

"हीच ना ती? त्या खुन्यासंगती जिचा फोटो आला होता?"

"हळू बोल गं, भाची बसलीये तिथं."

"ती कुठं कोनाशी बोलते? इंग्लिश मीडियम ती. तिला आपलं कळतं तरी का?"

मला कळत होतं, आत्या. मी ओटीच्या पायरीवर बसले होते. तू आत, खिडकीखाली, शवपेटीत होतीस. स्वयंपाकघराच्या दाराआड आळीतली मार्थामावशी आणि तिची सून चहाचे कप विसळत होत्या. मार्थामावशीनेच सकाळी तुझे केस विंचरले होते, तुला पांढरी साडी नेसवली होती आणि ‘फिलू, अशी कशी गेलीस गं’ म्हणून तुझ्या पायांशी रडली होती. ते रडणं खरं होतं आणि कप विसळताना ती जे बोलली तेही तिला खरंच वाटत होतं. म्हणून मला धड रागही येईना.

उठून आत जावं आणि सांगावं असं मनात आलं. वाक्य आधी इंग्रजीत तयार झालं, मग मी ते मराठीत आणलं, मग त्यातला एक शब्द बदलला. तोवर फादर आले आणि सगळे उभे राहिले. तू म्हणायचीस तसंच झालं. "तुझं वाक्य शिजेपरयंत पाहुने घरी पोचतात."

या आठवड्यात लोक मला तुझ्याबद्दल सांगत आहेत. फिलोमिना किती कष्टाळू, एकटीने वाडी कशी सांभाळली, केळी कशी पिकवायची. मी मान हलवते. त्यांच्या सांगण्यात तू आहेस, पण मी जिला बघत मोठी झाले ती त्यात नाही.

लहानपणी दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पप्पा मला मनवेलपाड्याहून भुईगावला आणायचे. त्यांना धाकट्या भावाचं कर्तव्य केल्यासारखं वाटायचं आणि मला वाडीतलं बावखल, ते लहानसं तळं, बघायला मिळायचं. ते हिरवं, हलत नसलेलं पाणी. तू फार बोलायची नाहीस आणि मीही नाही, म्हणून आपलं जमलं असावं. मी तुला बघत बसायचे. तू दुसऱ्याला काहीही देण्याआधी चाखायचीस. कालवण, चहा, सरबत, सगळं. पाहुण्याच्या हातात कप द्यायच्या आधी त्यातला एक घोट तू घेतलेला असायचा. एकदा मला ताप होता तेव्हा माझ्या खोकल्याच्या औषधाचा चमचाही आधी तुझ्या तोंडात गेला. मम्मी वैतागून म्हणाली, "ताई, औषध आहे ते!" तू म्हणालीस, "असू दे." आणि तोंड वाकडं करून गिळलंस.

आळीतल्या लग्नात तुला स्वयंपाकाजवळ येऊ देत नसत. फिलू सगळं उष्टं करते, असं म्हणून हसत. तूही हसायचीस आणि मांडवाच्या टोकाला जाऊन बसायचीस, पोरांच्या ताटांवर नजर ठेवून.

आणखी एक गोष्ट मी बघितली होती, पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. तू कधी कोणाला ‘जेवलास का’ असं विचारलं नाहीस. सगळं भुईगाव दिवसातून शंभर वेळा एकमेकांना हेच विचारतं. तू सरळ ताट ठेवायचीस. आणि तुला कोणी विचारलं की एक क्षण थांबून त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचीस, हा नक्की कोण आहे ते तपासल्यासारखी.

मग गेल्या वर्षीची ती दुपार. मी ओटीवर बसून मोबाईलवर मुलाखत बघत होते, कानात इअरफोन. परदेशात प्रवाशांना मारणारा तो माणूस. शिक्षा भोगून बाहेर आलेला, म्हातारा, छान शर्ट घातलेला. त्याच्यावर मालिका निघाली आहे आणि माझ्या ऑफिसात सगळे तीच बघत होते. तो हसत होता, हात हलवून काही समजावत होता. तू माझ्या मागून केळीची पानं घेऊन चालली होतीस. थांबलीस. आवाज तुला ऐकू येत नव्हता, नुसते त्याचे हात दिसत होते.

"म्हातारा झाला," तू म्हणालीस आणि आत गेलीस.

मला वाटलं, कोणीही म्हातारा माणूस बघून कोणीही असं म्हणेल. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावत गेले तर तू जमिनीवर बसली होतीस, पानं विखुरलेली. तू म्हणालीस, "ते बंद कर. बंद केलं का? नीट बघ, बंद झालं का."

घरी परतताना मी पप्पांना विचारलं. ते एवढंच म्हणाले की तरुणपणी तू दूर एका बेटावर कामाला होतीस, तिथे हा माणूस होता, पेपरात फोटो आला होता आणि गास गावातल्या मुलाशी ठरलेलं तुझं लग्न मोडलं होतं. "तिनं कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या गोष्टीवर आपल्या घराने एवढं लहान झाकण ठेवलं होतं.

त्यानंतर तो मुलगा आला. मालिकेचा दुसरा भाग काढणाऱ्यांपैकी, माझ्याच वयाचा, फार नम्र, मिठाईचा बॉक्स घेऊन. कोर्टातल्या साक्षीदारांत तुझं नाव त्याला सापडलं होतं. तू त्याला ओटीवर बसवलंस, त्याच्या चहातला घोट घेऊन कप त्याच्या हातात दिलास. तो बिचारा कपाकडे बघतच राहिला.

"आंटी, तो माणूस म्हणून कसा होता?" त्याने विचारलं.

"वेलची केळी आवडतात का तुला?"

"हो, म्हणजे... पण तो तुमच्याशी कसा वागायचा?"

"मग घड घेऊन जा. मोटारसायकलवर बांधून देते. उन्हात नको ठेवू, काळा पडंल."

तो खरंच घड घेऊन गेला. मला हसू आवरेना आणि नंतर राग आला. मी तुझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला. तू बोलायला हवंस, मी म्हणाले. लोक तुझ्याबद्दल वाटेल ते बोलतात, तुझी बाजू जगासमोर येईल, आज बायका बोलतात, तूही बोल. मी पॉडकास्टमधली वाक्यं बोलत होते हे मला बोलतानाच कळत होतं.

तू कोलंबी सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "त्याची किती नावं होती?"

मला सगळी माहीत होती. कुठल्या पासपोर्टवर कुठलं नाव, तेही. मी घडाघडा सांगितली.

"आता त्यानं मारलेल्या दोघांची सांग. आमच्या त्या बेटावरच्या घरातल्या."

मला एकही आठवेना. मालिकेत ती सांगितली असतील. सांगितली असणारच. तू कोलंबीचं डोकं मोडलंस, टोपलीत टाकलंस, पुढची घेतलीस.

"पीटर," तू म्हणालीस. "पीटर आनि हेल्गा."

पीटर. आपल्या आळीत हाक मारली तर चार घरांतून ओ येईल असं नाव. तेवढ्याने तो मला एकदम माणूस वाटला. आणि मग तू सांगितलंस, त्या एकाच दुपारी, कोलंबी संपेपर्यंत. त्याच्या आधी नाही आणि नंतर पुन्हा कधी नाही.

त्या बेटाचं नाव तू घेतलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. गोव्याच्या एका विधवा बाईचं तिथे प्रवाशांसाठी घर होतं, वर खोल्या, खाली स्वयंपाकघर. तू तिची स्वयंपाकीण. तो वरच्या खोलीत महिनोन् महिने राहायचा. सभ्य, सगळ्यांच्या भाषा बोलणारा. स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसायचा. घरापासून एवढ्या लांब तू, तुझ्याशी तुझ्या बोलीत बोलणारं तिथे कोणी नव्हतं. त्याने ती तुझ्याकडून शिकून घेतली, थोडी थोडी. रोज सकाळी दारात उभा राहून विचारायचा, "फिलू, जेवलीस का?" अगदी आपल्यासारखं.

"आवडायचं गं मला," तू म्हणालीस. "खोटं कशाला बोलू. कोनीतरी विचारतंय असं वाटायचं."

मग तिथे उतरलेले पीटर आणि हेल्गा आजारी पडले. पोट बिघडलं, उठता येईना. तो म्हणाला, मला औषधाचं थोडं कळतं. आणि तू, भुईगावची बाई, आजारी माणूस दिसल्यावर दुसरं काय करणार? पेज केलीस. मऊ उकड्या तांदळाची, मीठ घालून, आईने शिकवली तशी. तो वाडगा वर घेऊन जायचा. पीटरला मीठ जास्त लागायचं. हेल्गाला चमचा धरवेना, म्हणून एक-दोनदा तू स्वतः वर जाऊन भरवलंस. त्याने आणून ठेवलेल्या वाडग्यातून. तिने तुझा हात धरून ठेवला होता. ती तुला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, तो हसून म्हणाला, "तुला आई म्हणतेय." एके सकाळी तो म्हणाला, बरे झाले, पहिल्या बोटीने गेले. तू त्यांची खोली झाडलीस आणि निरोप न घेता गेले म्हणून तुला वाईट वाटलं.

पुढच्या महिन्यात रूथ नावाची मुलगी आली. एकटी. तीही तशीच आजारी पडली. पुन्हा पेज. पण रूथ फटकळ होती. तू तिच्या खोलीत चादर बदलायला गेली होतीस, वाडगा उशाशी होता. ती म्हणाली, ही कडू आहे, मला नको.

"माझी पेज कडू?" हे सांगताना तुझे हात थांबले, आत्या. इतक्या वर्षांनीही तुझ्या आवाजात तो राग होता. "मी आईच्यान दाखवते म्हटलं तिला. वाडगा उचलला न् अर्धा तिथंच तिच्यासमोर संपवला. कडूच होती."

तू दुसऱ्या दिवशी दुपारी जागी झालीस. जागी होता होताच तुला सगळं कळलं, असं तू म्हणालीस. मिठाचं, चमच्याचं, बोटीचं, वर नेताना तो वाडग्यात काय कालवायचा त्याचं. तो गावात गेला होता. तू आणि त्या विधवा बाईने रूथला दोन्ही बाजूंनी धरून धक्क्यावर नेलं आणि बोटीत बसवलं. तूही बसलीस. रूथ जगली. तो पकडला गेल्यावर तू परत त्या देशात जाऊन साक्ष दिलीस. आणि पेपरवाल्यांना पाहिजे होता तो फोटो मिळाला: घराच्या पायऱ्यांवर सगळे, मध्ये तो, त्याच्या बाजूला तू, हसणारी. इथे तो छापून आला. खाली काय लिहिलं होतं ते कोणी वाचलं नसेल. फोटो सगळ्यांनी बघितला.

मी म्हणाले, "आत्या, तू किती धीट होतीस."

"धीट कसली? मला राग आलेला. तिनं कडू म्हटलं नसतं तर तीही गेली असती माझ्या हातची खाऊन."

"मग लोकांना हे का नाही सांगितलंस? ते तुला काय काय म्हणाले."

तेव्हा तू जे बोललीस ते मी या दिवसांत रोज ऐकते. "त्याची बाई म्हनून बोलले ते ऐकून घेतलं. पेजेवरून कोनी बोललं असतं तर मला ऐकवलं नसतं."

म्हणजे तू निवडलं होतंस. दोन आळ होते, त्यातला जो खोटा होता तो तू आयुष्यभर अंगावर घेतलास, कारण दुसरा तुला खरा वाटत होता. मी म्हणाले, त्यात तुझा काहीच दोष नव्हता. तू पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघितलंस. "दोष नाही म्हनतेस ना? बरं. मग जे आहे ते काय आहे, सांग. तू एवढी शिकलीस. त्याला काय म्हनतात?"

दोन्ही भाषांत शोधला तो शब्द, तेव्हाही आणि नंतरही. आपला वाद तिथेच थांबलेला आहे. तू टोपली उचललीस. दारात वळून म्हणालीस, "मी गेल्यावर कोनाला सांगायचं तर सांग. पन त्याचं नको सांगू. मी तोंड उघडलं की गोष्ट परत त्याचीच होते. म्हनून त्या पोराला केळी दिली. सांगायचं तर त्या दोघांचं सांग."

मी मालिका बघणं सोडलं. याचं श्रेय घेण्यासारखं काही नाही. तुझ्या घरात येऊन बसल्यावर ती बघता येईना, एवढंच. झोपताना त्याचे हलणारे हात दिसायचे आणि ते नेहमी एक वाडगा धरून असायचे. ऑफिसात कोणी सहज ‘जेवलीस का’ विचारलं की मीही आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघते. तुझ्याकडून मला वाडीतला वाटा मिळाला नाही, मिळणारही नाही, पण हे मिळालं आहे. वाईट वाटत नाही. कोणाकडे तरी असायला हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटी तुला काही गिळवेना. डॉक्टर म्हणाले, पातळ काहीतरी द्या. मम्मीने घरून डब्यात पेज पाठवली. तिला काय माहीत? मी डबा उघडला आणि वास येताच वाटलं, झाकण परत लावावं, ज्यूस आणते म्हणून खाली जावं. तू डोळे उघडून डब्याकडे बघत होतीस. आणि मी विचार न करता चमचा भरला आणि आधी स्वतः खाल्ला. मीठ कमी होतं. मी गिळला, तुला तोंड उघडून दाखवलं, लहान मुलाला दाखवतात तसं. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग तोंड उघडलंस.

चार-पाच चमचे घेतलेस. मला तेव्हा विचारायचं होतं, चालेल ना, कडू नाही ना. विचारलं नाही. आता वाटतं, बरं झालं. आपण दोघींनी जे थोडं धड केलं ते न बोलताच केलं.

पण सगळं न बोलता होत नाही. हे मला काल कळलं.

काल तुझ्या घरची शेवटची रोझरीची प्रार्थना होती. ओटी भरलेली, बाहेर अंगणात खुर्च्या. मार्थामावशी प्रार्थना चालवत होती, तिचा आवाज या आठवड्यात पार बसला आहे, तरी ती दुसऱ्या कोणाला देत नव्हती. ‘नमो मरिये’ संपलं. मग ती आपल्या रीतीप्रमाणे या घरातल्या मयतांची नावं घेऊ लागली, एकेका नावामागे एक ‘आमच्या बापा’. पप्पा तिला हळूच नावं सुचवत होते. आजोबा. आजी. लहानपणीच गेलेला तुमचा एक भाऊ. शेवटी तू. मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागली होती. आणि तिने सगळीकडे विचारतात तसं विचारलं, "अजून कोन राहिलं का?"

कोणी उत्तर देत नाही या प्रश्नाला. क्षणभर थांबायचं असतं आणि मग शेवटची प्रार्थना.

त्या क्षणात मला तुझ्या ओठांची हालचाल आठवली. रोज संध्याकाळी आजीचं नाव झाल्यावर तुझे ओठ आणखी थोडा वेळ हलत राहायचे. मी लहान असताना मला वाटायचं, आत्याला प्रार्थना सावकाश म्हणायची सवय आहे. आता ते ओठ नव्हते. मी गप्प राहिले तर ती दोन नावं यापुढे या घरात कोणी घेणार नव्हतं. आणि बोलले तर जे ऐकून घ्यायला तू मरेपर्यंत तयार नव्हतीस, ते सगळ्यांना माझ्या तोंडून कळणार होतं. इथेच, तुझ्या ओटीवर.

माझं वाक्य शिजलेलं नव्हतं. मी तसंच उठले. मार्थामावशी चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती, पप्पांनी माझा हात ओढला, मी तो सोडवला.

"राहिलेत," मी म्हणाले. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "राहिलेत, मावशी. पीटर आणि हेल्गा. आजारी होते म्हणून माझ्या आत्याने त्यांना पेज करून भरवली. तिच्या नकळत त्यात दुसऱ्याने विष घातलं होतं. ती दोघं गेली. तिसऱ्या मुलीच्या वाडग्यातली तिने स्वतः खाल्ली, म्हणून ती मुलगी वाचली. आत्या रोज इथे बसून त्या दोघांसाठी ‘आमच्या बापा’ म्हणायची. त्यांना आमच्या घरच्यांत घ्या."